अमरावतीचं नेटवर्क

ऐप्पसी महिना लागला की आमच्या तंजावुरात छत्र्या आणि हॉल तिकिटं एकदमच बाहेर निघतात. ऐप्पसी म्हणजे तुमचा आश्विन-कार्तिक. तुमच्याकडे तोवर पाऊस परत गेलेला असतो. आमच्याकडे तेव्हा तो खरा सुरू होतो आणि एकदा पडायला लागला की थांबायचं नाव घेत नाही. तमिळमध्ये त्याला अडैमळै म्हणतात, ठाण मांडून बसलेला पाऊस. सांबा भाताची रोपं पाण्यात उभी असतात, दोरीवरचा टॉवेल काही केल्या वाळत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकल परीक्षा येतात. वेळापत्रक ठरवताना खिडकीबाहेर बघायची विद्यापीठाला सवय नाही.

यंदाही तेच. काल आमच्या सर्व्हर रूममधली नवी मुलगी विचारायला आली, कुठल्या सर्व्हरवर कुठलं नेटवर्क आहे ते कसं बघायचं. मी काळी खिडकी उघडली, ओळ टाइप केली, एंटर मारला. यादी आली.

"मॅडम, हे माउसने पण दिसतं की," ती म्हणाली.

"दिसतं. पण माउसने एका वेळी एकच दार उघडतं."

तिला ते पटलं नाही. पटायचं कारणही नव्हतं. मलाही ते कोणी सांगून पटलं नव्हतं. ती गेल्यावर दमट गालिच्याचा आणि तापलेल्या यूपीएसचा वास आला, बाहेर कँटीनमध्ये वड्याचं तेल तापत होतं, आणि मला मेधा आठवली. रडू वगैरे आलं नाही. फक्त बरं वाटलं, पायाला गरम पाणी लागल्यावर वाटतं तसं.

देश उघडला, असं तिची ओळख झाली त्या काळात वर्तमानपत्रं सारखं सांगायची. आमच्याकडे तो भाताच्या शेतांतून उघडला. जिथे बगळे उभे असायचे तिथे एका वर्षी मोबाइलचा मनोरा उभा राहिला, पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी एक इंजिनिअरिंग कॉलेज. अशाच एका कॉलेजात मी कॉम्प्युटर सेंटर सांभाळत होते. पावसात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर बेडूक यायचे. परदेशी बनावटीचे सर्व्हर पहिल्या मजल्यावर ठेवले ते काही फार विचार करून नव्हे, बेडकांमुळे.

नोकरी कंत्राटी होती. घरात मी आणि अम्मा. मिळवणारी मी एकटी. आमचे करस्पाँडंट, म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टचे कर्तेधर्ते, पांढरी वेष्टी नेसणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी त्या ऐप्पसीत मला बोलावून सांगितलं, "सुमती अम्मा, पुण्याची कंपनी म्हणते, सर्व्हर सगळे आम्हीच तिकडून बघतो. तुमचं कंत्राट तै महिन्यात, पोंगलला संपतं. परीक्षा नीट झाल्या तर तुम्ही. नाही झाल्या तर ते."

आवाज चढवला नाही, वाईटही वाटून घेतलं नाही. मला ते आवडलं. माणसाने असं स्वच्छ सांगावं. पण घरी जाताना टाउन बसमध्ये खिडकीतून पाणी आत येत होतं आणि सरकून बसायचं माझ्या लक्षात आलं नाही.

सर्व्हर तीन होते. त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या लॅबमधली मुलं ज्या मशीनवर परीक्षा द्यायची ती मशीन खरी नव्हतीच. ती या सर्व्हरच्या पोटात राहायची. टेबलावर नुसता पडदा. पोटातल्या मशीनना एकमेकांशी बोलायला नेटवर्क लागतं, तेही पोटातच. तार नाही, खोका नाही, दिवा नाही. त्याला फक्त एक नाव असतं, आणि त्या नावावरच सगळं चालतं. एका सर्व्हरवरून मशीन उचलून दुसऱ्यावर ठेवायचं, तर तिथेही त्याच नावाचं नेटवर्क असावं लागतं. असलं तर मशीन चालता चालता घर बदलतं, आत काम करणाऱ्या मुलाला पत्ताही लागत नाही. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून सर्व्हरच्या मागे जाऊन आले. मागे काही नव्हतं.

लॅबना आम्ही नद्यांची नावं दिली होती: कावेरी, वेण्णारु, अमरावती. अमरावती ही आमच्याकडची नदी, पश्चिमेकडून येऊन कावेरीला मिळणारी. नेटवर्कांना तीच नावं. पहिल्या दोन सर्व्हरवर ती मी टाइप केली होती. तिसरा सर्व्हर त्याच वर्षी आला. तो पुण्याच्या कंपनीचा माणूस येऊन लावून गेला, दुपारी केळीच्या पानावर जेवून संध्याकाळच्या गाडीने परत.

प्रॅक्टिकल तोंडावर आली आणि पहिल्या सर्व्हरचा पिवळा दिवा लागला. आतली मेमरी बिघडत चालली होती. तो बंद करून दुरुस्त करायचा, तर त्याच्यावरची सगळी मशीन आधी हलवायला हवीत. दुसरा भरलेला. म्हणजे तिसऱ्यावर. कावेरीची मशीन गेली. वेण्णारुची गेली. अमरावतीची जाईनात. पडद्यावर म्हणे, पलीकडे नेटवर्क नाही.

मी पुण्याला फोन लावला. वाट बघायला लावणारं संगीत वाजत होतं. मी आपली स्वतःशीच पुटपुटत होते, घरी बोलते तसं: "आहे की तिथं. डोळे फुटले की काय याचे?"

संगीत कधी थांबलं ते मला कळलं नाही.

"मॅडम," पलीकडून एक मुलगी म्हणाली, "तुम्ही मराठी?"

"होय. तंजावूरची."

"तंजावूरला मराठी लोक असतात?"

"असतात. तुमची कंपनी निघायच्या आधीपासून असतात."

ती हसली. नाव मेधा. मग मी जरा जास्त बोलले आणि ती म्हणाली, "रागावू नका हं, पण तुमचं बोलणं ऐकून बखर वाचल्यासारखं वाटतंय. त्यातून चाल तमिळ."

"बखर तर बखर. मज एवढं सांग, हे मशीन का हलत नाही?"

"'मज'!" ती म्हणाली, आणि पुन्हा हसली.

वाचकांना हे सांगायला हवं, की तोवर मराठी ही माझी स्वयंपाकघराची भाषा होती. मीठ कमी आहे, दार लाव, अम्मा औषध घे, एवढ्यापुरती. रस्त्यावर तमिळ, कामावर इंग्रजी. मी आता ज्या मराठीत लिहिते आहे ती नंतर पुस्तकांतून शिकले. देवनागरी तेवढी हिंदीच्या परीक्षांमुळे आधी येत होती. सर्व्हर, नेटवर्क, मेमरी हे शब्द माझ्या तोंडून मराठी वाक्यात त्या फोनवर पहिल्यांदा निघाले. इंग्रजीत मी कामाचं बोलताना जपून बोलते, पाय घसरेल असं. मराठीत मी भांडू शकत होते.

आणि आम्ही भांडलोच.

"पहिल्या सर्व्हरवर अमरावती आहे?"

"आहे."

"तिसऱ्यावर उघडून बघा."

मी पान बंद केलं, दुसरं उघडलं, तिसऱ्या सर्व्हरच्या नावावर गेले, तिथून नेटवर्कवर. "आहे. अमरावती."

"मग दोन्हीकडे आहे."

"तेच तर म्हणते मी. ते म्हणतंय नाही."

"नीट बघा ना, बाई."

"मी नीटच बघते. तू नीट ऐक."

"बाई म्हणू ना? आमच्या नोंदीत तुमच्या नावात आहे म्हणून म्हणतेय. पण बाई म्हटलं की मला सारखं शाळेत उभं राहिल्यासारखं वाटतं."

आमच्यात बायकांच्या नावापुढे बाई कागदावरच असते. मी सुमती बाई. मी म्हणाले अक्का म्हण. त्यानंतर ती सुमतीअक्काच म्हणत राहिली. वीज गेली, जनरेटर सुरू झाला, डिझेलचा धूर पावसात वर जाईना आणि खिडकीशीच रेंगाळत राहिला. आम्ही सगळं तपासलं. तारा, पत्ते, परवानग्या. प्रत्येक वेळी तिने विचारावं, अमरावती आहे का, आणि मी म्हणावं, आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आवाज खाली होता.

"अक्का, साहेब म्हणतात, मी इथूनच तुमच्या सर्व्हरमध्ये शिरून हे करून टाकावं. मला येईल, दिवसभरात सापडेल. पण काम कुणी केलं ते आमच्याकडून तुमच्या करस्पाँडंटना कळवलं जातं. 'स्थानिक माणसाला जमलं नाही' असं जाईल."

पावसाचा आवाज तिलाही ऐकू गेला असेल.

"मग आमच्या कंपनीला वर्षाचं काम मिळेल," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे ना हे?"

"माहीत आहे."

"म्हणून मी शिरत नाही. तुम्ही करा. मी फोनवर आहे. काळी खिडकी येते का उघडता?"

काळी खिडकी मला नवी नव्हती. कॉम्प्युटर शिकले तेव्हा तेवढीच होती. मधल्या वर्षांत रंगीत चित्रं आली, माउस आला, आणि मी ती माळ्यावरच्या पितळी भांड्यांसारखी ठेवून दिली होती. मेधाने ती खाली काढायला लावली. तिने स्क्रिप्ट, म्हणजे टाइप करायची ती हुकमाची ओळ, मेलने पाठवली नाही. सांगितली. शब्द शब्द.

"आधी सगळे होस्ट मागायचे. होस्ट म्हणजे आपले तीन सर्व्हर. मग उभी रेघ."

"उभी रेघ कुठाय?"

"एंटरच्या वरती बघा. शिफ्ट धरून. उभी रेघ म्हणजे अलीकडचं उत्तर पलीकडच्याच्या हातात देणं."

"म्हणजे अम्माने लाटायचं आणि मी भाजायचं."

"अगदी. आता पलीकडचा प्रत्येक होस्टला विचारतो, तुझ्याकडे कुठली नेटवर्कं आहेत. परत उभी रेघ. मग नावाप्रमाणे लावायचं. आणि नावाशेजारी होस्ट लिहायला सांगायचं."

"वाढायचं कोणी?"

"एंटर वाढतो."

मी चुकले. खिडकीने लाल अक्षरांत खडसावलं. परत टाइप केलं, परत चुकले. मेधा घाई करत नव्हती. तिच्याकडे मागे कोणीतरी दुसऱ्या फोनवर इंग्रजीत मोठ्याने बोलत होतं आणि ती माझ्यासाठी उभी रेघ, आडवी रेघ, महिरपी कंस करत बसली होती, जणू पुण्यात त्या दिवशी दुसरं काही कामच नव्हतं. असं कोणी आपल्यासाठी बसतं तेव्हा ते कळत नाही. आपलं लक्ष लाल अक्षरांवर असतं.

मग यादी आली. सरळ, पांढरी, न सजवलेली. कावेरी, कावेरी, कावेरी, एकाखाली एक, तिन्ही होस्टवर. खाली वेण्णारु तसंच. पण सगळ्यात वर, जिथे अमरावती तीनदा एकाखाली एक यायला हवी होती, तिथे ओळी जुळत नव्हत्या. दोन लांब, एक आखूड.

मी बोट ठेवून वाचलं. पहिल्या दोन सर्व्हरवर मी लिहिलं होतं तसं, आमच्या पद्धतीने: Amaravathi. त ला आम्ही टीएच लिहितो. नुसता टी लिहिला तर तो ट वाचतात. तिसऱ्यावर पुण्याच्या माणसाने आपल्या पद्धतीने लिहिलं होतं: Amravati. त्याच्या डोक्यात वऱ्हाडातलं शहर असणार. मधला ए नाही, शेवटी एच नाही.

"मेधा," मी म्हणाले, "तुझी अमरावती कशी लिहितेस?"

तिने अक्षरं सांगितली. मी माझी सांगितली. ती इतकी हसली की तिच्यामागचा इंग्रजीवाला बोलायचा थांबला.

आम्ही इंग्रजीत बोलत असतो तर पहिल्याच दिवशी ए फॉर ॲपल करत अक्षरं सांगितली असती. मराठीत गरजच वाटली नाही. ती अमरावती म्हणाली, मी अमरावती ऐकलं. मी पडद्यावर कुठलंही स्पेलिंग बघितलं तरी माझ्या तोंडून अमरावतीच निघालं. दोघी खरं बोलत होतो. घरच्या भाषेत माणूस अक्षरं मोजत नाही, हा तिचा आरामही आहे आणि खड्डाही.

या गोष्टीवर मी नंतर पुष्कळ विचार केला, बहुतेक बसमध्ये. आमच्या भागात कालवे गावोगाव जातात आणि एकाच कालव्याला दर गावी वेगळं नाव असतं. ओरत्तनाडुच्या वाटेवर एका बाजूचे लोक त्याला एक म्हणतात, पलीकडचे दुसरं. पाण्याचं त्यामुळे काही अडत नाही. माणसाचंही सहसा अडत नाही. मला कोणी सुमति म्हणो, सुमती म्हणो, सुमदी म्हणो, मी वळून बघते. व्हर्च्युअल नेटवर्क वळून बघत नाही. त्याला आपल्या नावाखेरीज दुसरं काही नसतं, म्हणून ते नावाला इतकं धरून असतं. मला त्याची थोडी दया येते आणि थोडा आदरही वाटतो.

दुरुस्ती सोपी होती. तिसऱ्या सर्व्हरवरच्या अमरावतीवर अजून एकही मशीन बसलेलं नव्हतं. नाव बदललं, यादी पुन्हा काढली, तिन्ही ओळी एका मापाच्या. मग पहिलं मशीन हलवलं. टक्क्यांचा आकडा वाढत गेला आणि ते पलीकडे जाऊन उभं राहिलं, काही झालंच नाही असं. पाठोपाठ बाकीची. रिकामा झालेला सर्व्हर मी हाताने बंद केला. त्याचे पंखे थांबले आणि बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत नुसता पाऊस ऐकू आला.

करस्पाँडंट जिना चढून आले, वेष्टी घोट्याच्या वर धरलेली. "एन्नम्मा, झालं?"

"झालं सर."

"काय होतं?"

मी सांगितलं. त्यांनी दोन्ही नावं कागदावर लिहायला लावली, चष्मा वर केला, खाली केला.

"अमरावती," पहिलं वाचून म्हणाले. दुसरं वाचलं. "अमरावती." मग माझ्याकडे बघितलं. "लोक जोतिष्याकडे जाऊन नावात एक एच घालून घेतात, नशीब फिरावं म्हणून. थोतांड समजत होतो मी."

हसले नाहीत. जाताना मात्र दार हळू ओढून घेतलं.

परीक्षेचे दिवस नेहमीसारखेच होते, आणि मला तेवढंच हवं होतं. ओरत्तनाडुकडच्या मुली बसमधून उतरून चपला हातात घेऊन फाटकातून यायच्या, पाय नळाखाली धुवायच्या, वेणीतल्या मल्लिगैच्या गजऱ्यावरचं पाणी झटकायच्या आणि अमरावती लॅबमध्ये जाऊन बसायच्या. त्यांच्या बोटांचे ठसे की-बोर्डवर ओलसर उमटायचे. प्रोग्राम चालला की मान वर व्हायची, नाही चालला की खाली. आपण बसलोय ते मशीन गेल्या आठवड्यात घर बदलून आलंय हे एकीलाही माहीत नव्हतं. चांगल्या कामाची हीच गंमत आहे, ते कोणाच्या ध्यानात येत नाही. मी काचेच्या दारातून बघत उभी राहायची. त्या मुलींचेही मी आभार मानते. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

तै महिन्यात पोंगलनंतर मला बोलावणं आलं. कंत्राट नाही, कायम नोकरी. करस्पाँडंट म्हणाले, "पुण्याला नको म्हणून कळवलंय." अम्माला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं," आणि चुलीवरचं दूध उतरवायला गेली. आमच्या घरात एवढ्यावर भागतं.

मी ते मेधाला कळवावं की नाही याचा विचार करत होते, तोवर तिचाच फोन आला. दुपार होती.

"अक्का, आमचं काम गेलं तुमच्याकडचं. अभिनंदन."

"तुज कोणी काही बोललं?"

"बोलले की. साहेब म्हणाले, ग्राहकाला इतकं कशाला शिकवलंस? यंदाची बढती आता पुढच्या वर्षी बघू म्हणाले."

"मग तू काय म्हणटलीस?"

"म्हटलं, काय करू, घरचं माणूस निघालं." ती हसली, पण नेहमीइतकं नाही.

मी खुर्चीत सरळ बसले. धन्यवाद हा शब्द मला ठाऊक होता, पण आमच्या घरात तो कोणी कोणाला कधी म्हटलेला नाही. तो माझ्या तोंडी आला असता तर सत्काराला उभी राहिल्यासारखी दिसले असते. इंग्रजीतला रोज कितीदा म्हणायची, बस कंडक्टरलासुद्धा. तमिळमधला तिला कळला नसता. तीन भाषा होत्या माझ्याकडे आणि तिन्हींत हवं ते नव्हतं.

"मेधा," मी म्हणाले, "जेवलीस?"

"नाही अजून. डबा इथेच आहे."

"उघड."

"आत्ता? तुम्ही फोनवर असताना?"

"तू जेव. मी आहे."

मग पलीकडे डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मी फोन कानाशी धरून बसले, आणि तिचं पोट भरेपर्यंत ठेवला नाही.